बाहुलीच्या पायाशी

माझी आई किनवटला शेजारणींना सांगते, "आमचा गंगाधर कॅनडात विद्यापीठात आहे." त्यावर समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "अजून? पन्नाशीला आला की तो! पास कधी व्हायचा?" आईने तो प्रश्न फोनवर मला जसाच्या तसा विचारला, कारण तिलाही नेमकं माहीत नव्हतं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे वॉर्डन."

वॉर्डन नाही. हॅलिफॅक्समधल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक ऑफिस आहे, तिथे मी सल्लागार आहे. वडील लाकडाच्या आगारात पहारेकरी होते. घरात पहिला पदवीधर मी. इथे आल्यावर चार वर्षं टोरांटोजवळच्या वॉन गावातल्या एका गोदामात खोकी उचलली आणि मग ही खुर्ची मिळाली. या देशाने आणि त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेने माझ्यावर केलेले उपकार मी विसरलेलो नाही. पण हा लेख माझ्यावर नाही, कामावर आहे.

काम काय, तर मुलं येतात आणि विचारतात. बँकेत खातं कसं उघडायचं, थंडीचा कोट कुठला घ्यायचा, स्टडी परमिट वाढवायला कधी अप्लाय करायचं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इथे सल्लागाराला वेगळी परीक्षा द्यावी लागते. मी ती दिली आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. काकूंना हे कळवलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हे फॉर्मचं काम आहे. फॉर्म सोपे असतात. अवघड असतं ते समोरचा खरं कशासाठी आलाय ते ओळखणं, कारण पहिल्या वाक्यात ते कोणीच सांगत नाही. बस पास कुठे मिळतो असं विचारणाऱ्या मुलाला सांगायचं असतं की रूममेट महिनाभर बोललेला नाही. एका चिनी मुलाने नाताळच्या सुट्टीत आपला मासा सांभाळाल का म्हणून विचारलं. दोन आठवडे तो मासा माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर होता. मुलगा परत आला तेव्हा कळलं की सुट्टीत तो घरी गेलाच नव्हता. "रोज येऊन मासा बघता यावा म्हणून तुमच्याकडे ठेवला," म्हणाला. ऑफिस बंद आणि मासा माझ्या घरी, त्यामुळे तेही त्याला जमलं नव्हतं.

आणि फोन. लातूरहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. "साहेब, तुमचं नाव वाचून फोन लावला. पोरगा जेवतो का हो?" इथला कायदा असा की विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही काही सांगायचं नाही, तो आमच्याकडे शिकतो की नाही एवढंसुद्धा नाही. मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही आपलेच ना?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्यावर मात्र बंदी नव्हती. मी हो म्हटलं. मुलाला शोधून काढलं आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून त्याला घरी फोन करायला लावलं.

हे सगळं मी बऱ्यापैकी करतो, असं मला वाटत होतं. मग लविना आली.

लविना लोपीस, फूड सायन्सच्या मास्टर्सची विद्यार्थिनी, भारतातून आलेली. सप्टेंबर ते ऑक्टोबर ती चार वेळा माझ्याकडे आली. एकदा लायब्ररीचं कार्ड, एकदा हेल्थ कार्ड, एकदा पत्ता बदलायचा होता आणि एकदा काहीच नाही, नुसती बसली. चारही वेळा आम्ही इंग्रजीत बोललो. तिचं इंग्रजी बरोबर होतं पण फार थोडं, मोजून काढल्यासारखं. वर्गात कसं चाललंय, विचारलं की "फाइन, सर." मी तिला वर्गात बोलायला शिका असं सांगणारी दोन पत्रकं दिली आणि म्हटलं, "बी कॉन्फिडंट. स्पीक अप." तिने मान डोलावली, पत्रकं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ऑक्टोबर संपता संपता, एका बुधवारी सकाळी ती पाचव्यांदा आली. या वेळी हातात फॉर्म होता. सगळ्या विषयांतून नाव काढून घेण्याचा. नापासचा शेरा न लागता बाहेर पडायची मुदत शुक्रवारी दुपारी चारला संपत होती. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढंच लिहिलेलं. सल्लागाराशी बोलल्याची सही लागते, ती जागा तेवढी रिकामी होती.

"मग पुढे?" मी विचारलं.

"गोइंग होम, सर."

नाव काढलं की परत जायचं, आणि ती परत यायची नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी कारण विचारलं. "पर्सनल, सर." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे जपानहून आलेल्या बाहुल्यांच्या नाटकमंडळीची कार्यशाळा होती. त्यांचे खेळ शहरातल्या थिएटरात होते, आणि एक दुपार ते आमच्या मुलांना देणार होते. एका बाहुलीला तीन माणसं लागतात. पाच बाहुल्या, पंधरा मुलं. मी वचन दिलं होतं पंधराचं आणि माझ्या यादीत नावं होती चौदा. सकाळपासून मी पंधराव्या माणसाला शोधत होतो.

मी लविनाला म्हटलं, "सही मी शुक्रवारी देतो. मुदतीच्या आत देतो, शब्द. पण आज तीन वाजता एका कामाला या. मदत हवी आहे."

त्या क्षणी मला तिची काळजी जास्त होती की पंधराव्या माणसाची, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ती "ओके, सर" म्हणाली. सरांनी काम सांगितलं तर नाही म्हणायचं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

नाट्यविभागाच्या तालमीच्या खोलीत सगळे पायमोजांवर उभे होते. कळसूत्री बाहुल्या मी लहानपणी जत्रेत पाहिल्या होत्या, वीतभर उंचीच्या, वरून दोऱ्यांनी नाचणाऱ्या. या तशा नव्हत्या. चार वर्षांच्या पोराएवढी एकेक बाहुली, अंगावर खरं रेशीम, आणि दोऱ्या अजिबात नाहीत. एक माणूस डोकं आणि उजवा हात चालवतो. दुसरा फक्त डावा हात. तिसरा खाली वाकून पाय. मुख्य माणसाचा चेहरा पुष्कळदा उघडा असतो, बाकीचे दोघे काळ्या कपड्यांत, काळ्या बुरख्यात. प्रेक्षकांनी ते नाहीतच असं मानायचं.

शिकवणारे ओकादा-सान, म्हणजे आपल्याकडे ओकादाजी, साठीचे असतील. बुटके, रुंद खांद्यांचे. सोबत दुभाषी होती. तिने सांगितलं की हे पहिली दहा वर्षं फक्त पाय चालवत होते आणि त्यानंतर जवळजवळ तेवढीच वर्षं डावा हात.

"दहा वर्षं पाय?" एमेका म्हणाला. हा नायजेरियाचा, सहा फूट तीन इंच, पाद्रीबाबांचा मुलगा, इंजिनिअरिंगला. "मग वर कधी घेतात? परीक्षा असते का?"

दुभाषीने विचारलं. ओकादा-सान गंभीरपणे काहीतरी बोलले. ती हसू दाबत म्हणाली, "ते म्हणतात, गुरूंचे गुडघे दुखायला लागले की खालच्याचा नंबर लागतो."

मुख्य माणूस उंच लाकडी खडावा घालतो, म्हणजे पायवाल्याला खाली वाकायला जागा मिळते. ओकादा-सानांनी एमेकापुढे खडावा ठेवल्या, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खडावा उचलून परत नेल्या. खोली हसली. डाव्या हाताला ब्राझीलची लुसियाना उभी राहिली, आणि पायांना लविना. तिने स्वतःच ती जागा घेतली. सगळ्यात खालची, सगळ्यात न दिसणारी.

त्यांच्या वाट्याला तरुणीची बाहुली आली. लविना वाकली, किमोनोचा घेर उचलून पाहिला आणि गोंधळून वर बघितलं. बाहुलीला पायच नव्हते.

बायकांच्या बाहुल्यांना पाय नसतात, असं दुभाषीने सांगितलं. ओकादा-सान तिच्या शेजारी उकिडवे बसले, दोन्ही मुठी घेराच्या आत घातल्या आणि आतून कापड पुढे ढकललं. एक मूठ, मग दुसरी. बाहेरून गुडघा दिसला. मग दुसरा गुडघा. खाली कापडाची कड जराशी उडाली आणि मी, भिंतीला टेकून यादी हातात धरून उभा असलेला पन्नाशीचा माणूस, शपथेवर सांगेन की मला पावलं दिसली.

मग मुलांची पाळी. एमेका म्हणाला, "मी मोजतो. वन, टू, थ्री, गो." ओकादा-सानांनी हात वर केला. मोजायचं नाही. बोलायचंच नाही. मग कळणार कसं? तर मुख्य माणूस निघायच्या आधी बाहुलीचा खांदा किंचित उचलतो, ते पाहून डावा हात समजतो. आणि पायवाल्याचा दंड मुख्य माणसाच्या कमरेला टेकलेला असतो. कंबर वळली की पायाला कळतं, आता वळायचं.

इथे अडलं. लविनाचा दंड एमेकाच्या कमरेला टेकेना. ती वीतभर दूर राही, आणि पाद्रीबाबांचा मुलगा तिच्याहून जास्त लाजून आणखी वीतभर सरके. परिणाम असा की बाहुलीचं डोकं दरवाज्याकडे निघालं, पाय खिडकीकडे. लुसियाना हसून हसून बेजार. "अरे, तिचा घटस्फोट होतोय! कमरेपासून!"

ओकादा-सानांनी खिशातून एक सुती टॉवेल काढला, चौपदरी घडी केली आणि एमेकाची कंबर आणि लविनाचा दंड यांच्या मध्ये ठेवला. म्हणाले, "हा खाली पडता कामा नये." बस, एवढंच. आता तो कमरेचा प्रश्न राहिला नाही, टॉवेलचा झाला. दोघं जवळ आले.

बाहुली चार पावलं चालली. पाचव्याला एमेका उत्साहात एकदम गर्रकन वळला, पाय मागेच राहिले, बाहुली तोंडावर निघाली आणि खालून आवाज आला, "अगं बाई, पडली! धरा ना तिला!"

मराठी. स्वच्छ, शाळेतलं मराठी.

माझ्या हातातली यादी खाली पडली. मी ती उचलेपर्यंत ओकादा-सानांनी सगळ्यांना थांबवलं होतं. चूक कोणाची, त्यांनी विचारलं. सगळ्या गटांनी खाली पाहिलं, लविनाकडे. लविनाने तर स्वतःच हात वर केला होता.

ओकादा-सानांनी मान हलवली. पुढे येऊन एमेकाच्या छातीवर दोन बोटं टेकवली. दुभाषी म्हणाली, "चूक यांची. वळतोय हे यांनी सांगितलंच नाही. वरच्याने सांगितलं नाही तर पायांना कुठून कळणार? पाय पडले की डोक्याला विचारायचं, हा आमच्याकडचा नियम आहे."

एमेका ओशाळून हसला. "सॉरी, लविना."

आणि मग खालून, इंग्रजीत पण या वेळी न मोजता, लविना म्हणाली, "तू मला काहीच सांगितलं नाहीस. कमरेने सांग. आधी सांग, मग वळ. चल, परत."

सात आठवड्यांत तिच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

शेवटी त्या तिघांची बाहुली खोलीच्या टोकापर्यंत चालत गेली, थांबली, वळली, गुडघे मोडून बसली आणि तिने मान खाली घातली. एवढंच. पण बाकीच्या चार गटांनी आपापल्या बाहुल्या तशाच हातात धरून तिच्याकडे पाहिलं. टॉवेल पडला नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोट घालता घालता मी तिला गाठलं.

"तू मराठी आहेस?"

"हो, सर. वसईची."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

ती गोंधळली. प्रश्नच चुकीचा असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमच्या दारावर पूर्ण नाव आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं. पण तुम्ही इंग्रजीत सुरुवात केलीत. मग मी मधेच कशी बदलणार? मला वाटलं, ऑफिसात तुम्हाला आवडत नसेल."

मी तिचं आडनाव वाचलं होतं आणि ठरवून टाकलं होतं. वसईत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, मराठी शाळांत शिकलेले ख्रिस्ती आहेत हे मला माहीत होतं. टोरांटोत असताना अशाच एका कुटुंबाकडे मी दोन ईस्टर जेवलो होतो. तरीही. ज्या माणसाचं सगळं काम समोरचा काय बोलत नाहीये हे ओळखण्याचं, त्याने समोरच्याची भाषाच ओळखली नव्हती, आणि वर तिला बोलायला शीक म्हणून पत्रकं दिली होती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आता सांग. मराठीत."

भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर बसून तिने सांगितलं, आणि किती बोलली! घरी केळीच्या बागा. आजोबा राजेळी केळ्यांची सुकेळी करायचे, उन्हात वाळवून. ते नीट शास्त्राने शिकावं, मोठं करावं, म्हणून ती हा विषय घेऊन आली होती. घरातली पहिलीच पदवी तिची. एका विषयाच्या प्राध्यापकांनी तिचे तीन रिपोर्ट परत दिले होते आणि तिन्हींवर लाल शाईत एकच शेरा, 'मला भेट'.

"मग?"

"सर, आमच्या शाळेत बाईंनी वहीवर असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन यायचं." ती हसायला गेली आणि डोळे भरले. "मी डॅडींना कुठून आणू? मला वाटलं, तीनदा लिहिलं म्हणजे आता काढूनच टाकणार. त्याआधी आपणच जावं."

यावर हसणं मला जमलं नाही. आमच्या शाळेत दुसऱ्यांदा शंका विचारली की गुरुजी म्हणत, पहिल्यांदा काय झोपला होतास? नांदेडला कॉलेजात मी पहिलं वर्षभर एकही शंका विचारली नव्हती. शंका नव्हत्या म्हणून नव्हे.

मी तिला सांगितलं की इथे 'मला भेट' म्हणजे भेट, एवढंच. ओरडा नव्हे. मी बरोबर येतो, असंही म्हटलं.

"नको, सर," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर ते तुमच्याशीच बोलतील."

फॉर्मचं काय, ते मी विचारलं नाही. शब्द दिला होता, तो पाळायचा होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहणार नाही. लविनाला पदवी मिळाली. एक विषय पुन्हा द्यावा लागला, पहिला हिवाळा फार जड गेला, एकदा तर तिने फावड्याने बर्फ उपसताना मला फोन करून अर्धा तास या देशाला अस्सल वसईच्या शिव्या घातल्या. आता ती इथून दोन तासांवर मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. सुकेळी अजून राहिली आहेत. करीन म्हणते. मी नवीन मूल आलं की पहिला प्रश्न आता फॉर्मचा विचारत नाही, घरी काय बोलता ते विचारतो. तिच्याआधीच्या किती जणांना विचारलं नाही, त्याचा हिशोब लागत नाही आणि तो सल जात नाही.

पण मला तो शुक्रवार सांगायचा आहे.

सकाळपासून मी दाराकडे बघत होतो. दुपारी माझी साहेबीण येऊन विचारून गेली की बरं वाटत नाही का. साडेतीन वाजले. तिने सही मागितली तर मला द्यावी लागणार होती, आणि ती आलीच नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा हे कळत नव्हतं. पावणेचारला ती आली. धावत आली होती, टोपी हातात, केस विस्कटलेले.

"भेटलीस?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

"सर, आधी विचारलं, सात आठवडे कुठे होतीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, दाराबाहेर."

मला कळेना. मग तिने उलगडून सांगितलं. दर मंगळवारी दोन तास ते प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवून बसतात. दर मंगळवारी ती गेली होती. बुधवारी मला हे तिने सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. ती दारापाशी जायची, आत बघायची, ते वाचत बसलेले असायचे. कामात असलेल्या माणसाला कसं उठवायचं, म्हणून थोडा वेळ थांबून परत फिरायची. ते वाचत बसायचे, कारण कोणी येतच नव्हतं.

"दाराबाहेर म्हटल्यावर ते काय म्हणाले?"

"हातातलं पुस्तक मिटलं. मग उठले. त्यांच्या टेबलासमोर एक खुर्ची आहे, तिच्यावर पुस्तकांचा ढीग होता, तो उचलून त्यांनी जमिनीवर ठेवला. म्हणाले, ही खुर्ची दर मंगळवारी तुझीच होती."

"आणि तू?"

लविनाने टोपीने कपाळ पुसलं.

"मी काय करणार, सर? बसले. आत्ता उठून येतेय."